सीट नंबर सहा, पन्नास किलो

...आणि वर मलाच म्हणतात, "अगं, तू काही बोलत का नाहीस?"

आता तुम्हीच सांगा, बोलायचं कधी? ज्या घरात सकाळी सहाला एक इंजिन सुरू होतं, सव्वासहाला दुसरं, आणि ही दोन्ही कमी पडायला नकोत म्हणून साडेसहाला सासूबाई, त्या घरात नव्या सुनेनं आपला आवाज घुसवायचा तरी कुठल्या फटीतून? आणि इंजिन म्हणजे खरंच इंजिन हं, मी काही अलंकारिक बोलत नाहीये! आमच्या सासरची एअरलाइन आहे. हां, आता एअरलाइन म्हटल्यावर माझ्या माहेरच्यांच्याही डोळ्यांपुढे काचेच्या इमारती आणि सरकते जिने उभे राहिले होते, तसे तुमच्याही राहिले असतील, तर ते आधी खाली उतरवा. आमची एअरलाइन म्हणजे नऊ सीटचं, दोन पंख्यांचं एक विमान, एक पत्र्याचं हँगर, एक काउंटर, आणि माणसं चार. सासरे विमान दुरुस्त करतात, नवरा विमान उडवतो, सासूबाई तिकिटं फाडतात, आणि मी... म्हणजे लग्न ठरवताना हे कुणी स्पष्ट सांगितलं नव्हतं... सामान चढवते. पाच महिने झाले. मी काही बोलले नाही.

त्या नऊ सीटच्या विमानाला घरात 'मावशी' म्हणतात. स्वभावच तसा तिचा. रोज समोरच्या तीन बेटांवर जायचं, शाळेतल्या बाई, दाताचे डॉक्टर, कोंबडीच्या पिल्लांचे खोके, कुणाच्या रक्ताच्या बाटल्या, कुणाचा दुरुस्त झालेला पंप, सगळ्यांना पोटाशी घेऊन खोकत खोकत वर चढायचं, आणि संध्याकाळी सगळ्यांना घरी आणून सोडायचं. पण मावशीचा एक नियम आहे. माणूस नुसतं तिकीट काढून आत बसत नाही, आधी त्याला तोलतात! अहो खरंच. पिशवीसकट काट्यावर उभं राहायचं. छोट्या विमानात कोण कुठे बसतं याला फार महत्त्व. जड मंडळी मध्ये, हलकी मागे, आणि डॉक्टर एकटे पायलटच्या शेजारी, कारण दुसरीकडे कुठेही ठेवले की मावशी एका अंगावर जाते.

काउंटरवरचा तो काटा म्हणजे मोठ्या गोल तबकडीचा, जुना, आणि तबकडी सासूबाईंकडे वळवलेली. एखादी प्रवासी बाई उभी राहणार, सासूबाई चष्मा वर करून सुई बघणार, नि अगदी कानात गुपित सांगावं तसं म्हणणार, "बासष्ट." आणि तुम्हाला सांगते, त्या बाईच्या चेहऱ्यावर जो उजेड पडायचा! "बासष्टच? अहो, घरी तर..." "घरचे काटे काय खरे असतात होय?" असं सासूबाई म्हणायच्या, आणि ती बाई पिसासारखी विमानाकडे चालायला लागायची.

मी पण लग्नानंतर आठवड्याभरात एकदा उभी राहिले. म्हणजे कुणी नसताना. शेहेचाळीस! लग्नाआधी मी पन्नास होते. नक्की पन्नास, कारण माझे वडील काटेवाले आहेत. दुकानांचे, गोदामांचे काटे दुरुस्त करतात ते, आणि आमच्या घरात लहानपणापासून दर वाढदिवसाला आम्हाला औक्षण नंतर, वजन आधी. तर पन्नासची शेहेचाळीस! मी फोनवर आईला सांगितलं, तर तिकडून रडका सूर, "जेवायला देत नाहीत का गं तुला?" देतात गं आई. दोनदा वाढतात. "मग मनाला लावून घेतेस का काही?" आता हिला काय सांगू? काटेवाल्याची मुलगी मी. आठ दिवसांत चार किलो उतरले म्हटल्यावर आधी काट्यावर संशय यायला हवा, माणसावर नाही, हे मला बाराखडीच्या आधी शिकवलेलं. पण खरं सांगू? शेहेचाळीस आवडलं हो मला. इतकं आवडलं की मी काही बोलले नाही.

आणि आता बाईसाहेब.

बाईसाहेब म्हणजे सासूबाई नव्हेत. बाईसाहेब म्हणजे हँगरच्या मागच्या अंगाला, पांढऱ्या चादरींखाली झाकलेलं दुसरं विमान. जेट. मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी दाखवलं. लोक सुनेला घर दाखवतात, देव्हारा दाखवतात, यांनी चादर ओढली. आणि माझ्या तोंडून... एरवी निघत नाहीच काही, पण त्या दिवशी नुसता श्वाससुद्धा निघाला नाही. काय रूप हो! साठ वर्षांची म्हणे. ज्या काळात बड्या कारखानदारांना पहिल्यांदा वाटलं की आपण इतरांसारखं रांगेत उभं राहू नये, आपल्याला आपलं स्वतःचं जेट असावं, त्या काळातली. एवढीशी! पोटाची उंची इतकी कमी की आत वाकूनच शिरायचं. दोन पंख, पंखांच्या टोकांना तेलाच्या लांबट टाक्या, जणू हातात दोन बाटल्या धरून निघालीय कुठेतरी, आणि शेपटीजवळ कुशीत दोन इंजिनं. उभी होती चाकांवर, चादरीतून नुकतीच निघालेली, पण दिसत होती अशी की आत्ता निघाली, तुम्ही डोळे मिटा की गेलीच.

सासऱ्यांना ती अकरा वर्षांपूर्वी धावपट्टीच्या टोकाला गवतात सापडली. मालक देशोधडीला लागलेला, बनवणारी कंपनी कधीच बंद, एका इंजिनात पक्ष्यांची घरटी. त्यांनी आणली. सासूबाई म्हणाल्या, "ही कशाला?" सासरे म्हणाले, "उडवायला." झालं! त्यावर अकरा वर्षं गेली. एकेक नट, एकेक नळी. ज्या भागाचं नावसुद्धा आता कुणाला माहीत नाही तो भाग यांनी हातानं घासून तयार केलेला. दुपारी मी चहा घेऊन गेले की ते मला सगळं समजावून सांगायचे, मलाच, कारण मी मध्ये बोलत नाही. एकदा बोटावर चमचा आडवा ठेवला. "हे बघ सूनबाई, विमान म्हणजे हा चमचा. वजन किती यापेक्षा कुठे, हे महत्त्वाचं. शेपटीकडे चार पैशांनी जास्त झालं ना, की नाक वर. आणि एकदा वर गेलेलं नाक बाबापुता करून खाली येत नाही." आणि चमचा पडला. फरशीवर त्याचा जो आवाज झाला तो मला अजून ऐकू येतो.

तर या बाईसाहेबांना उडायची परवानगी मिळायची होती. त्यासाठी सरकारी तपासनीस येतो, पूर्ण भार भरून विमान वर नेतात, तो बघतो, सही करतो. पूर्वी दोनदा आला होता. पहिल्यांदा रेडिओ मुका, दुसऱ्यांदा दारातून हवा. आणि दुसऱ्या खेपेनंतर सासूबाईंनी शब्द घेतला होता, "तिसऱ्यांदा नाही झालं तर भंगारवाला. माझ्या गळ्याची शपथ घ्या." सासऱ्यांनी घेतली. भंगारवाला इतका भला माणूस की दर महिन्याला येऊन चहा प्यायचा आणि जाता जाता टेपनं शेपटी मोजून जायचा. "घाई नाही हो, सहज." सहज! मोजताना त्याचा हात लागला की सासऱ्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू दाताच्या डॉक्टरांनी सुई दाखवलीय.

आता पूर्ण भार म्हणजे काय? आत पुढे दोन पायलट, म्हणजे सासरे (मावशी आधी तेच उडवायचे) नि माझा नवरा, मागे सहा सीट. एक नंबरवर तपासनीस. उरलेल्या पाच सीटवर माणसांऐवजी वाळूच्या पिशव्या. सीटला साठ किलो, म्हणजे वीस-वीसच्या तीन. पंधरा पिशव्या. कुणी भरल्या? मी. कुणी तोलल्या? मी. त्याच काट्यावर, सुई वीसवर आली की थांबायचं, तोंड शिवायचं, वर माझ्या सुंदर अक्षरात चिठ्ठी, 'वीस किलो'. नवऱ्यानं आदल्या संध्याकाळी नेऊन सीटांवर बसवल्या, पट्टे बांधले. पट्ट्यातल्या त्या पंधरा पिशव्या बघून मला वाटलं, सासरची मंडळी सहलीला निघालीयत.

आणि परीक्षेच्या सकाळी... ऐका हं आता... सासूबाई म्हणाल्या, "साहेब यायचेत, जरा काउंटर पूस." मी ओलं फडकं घेतलं. काउंटर पुसला, काटा पुसला, तबकडी पुसली. तबकडीवर शून्याच्या डाव्या हाताला एक गोल स्टिकर होता, सफरचंदाच्या पेटीवर असतो ना, तसा मोठा, लाल. पाच महिने मी तो रोज बघत होते. वाटायचं, शोभेचा असेल. फडकं लागलं, स्टिकर निघाला. आणि खाली सुई.

काट्यावर कुणी नाही. काही नाही. आणि सुई शून्याच्या मागे. चार किलो मागे!

 आधी, अगदी खरं सांगते, आधी मनात आलं ते हे की म्हणजे मी पन्नासच! ते दुःख अर्धा मिनिट टिकलं. मग दुसरं आठवलं. रोज सासूबाई प्रवाशांच्या वजनाची चिठ्ठी देतात, मी ती धावत हँगरमध्ये नेते, सासरे ती वहीत उतरवतात आणि प्रत्येक आकड्यापुढे पेन्सिलीनं बारीक अक्षरात काहीतरी वाढवतात. बासष्ट, पुढे सहासष्ट. सत्तर, पुढे चौऱ्याहत्तर. मला वाटायचं, विमानशास्त्रात असेल काही. हवेचे चार धरत असतील! मी काही बोलले नव्हते. म्हणजे बघा, काउंटरवर चार कमी आणि हँगरात चार जास्त, आणि दोघांच्या मधे चिठ्ठी घेऊन पळणारी मी एकटी, जिला दोन्ही टोकं दिसत होती!

आणि मग तिसरं आठवलं. वाळू.

पंधरा पिशव्या. प्रत्येकी चार जास्त. साठ किलो! म्हणजे एक अख्खा, न दिसणारा माणूस, तिकीट न काढता, शेपटीकडे जाऊन बसलेला. आणि बाहेर इंजिनाची शिट्टी सुरू झाली होती.

मी धावले. हँगरसमोर बाईसाहेब उन्हात उभ्या, दार उघडं, सासऱ्यांनी पांढरा शर्ट घातलेला, अकरा वर्षांत पहिल्यांदा ग्रीस नसलेला, सासूबाई हात पदराला पुसत, आणि तपासनीस साहेब. हा माणूस नाकातून बोलतो आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "नोंद घेतो" म्हणतो. "दरवाजा बंद होतोय, नोंद घेतो. टायरमध्ये हवा आहे, नोंद घेतो." जणू कुणी त्याच्यावर केस करणार आहे! त्यानं कागद उलटला. "भाराची वजनं कुणी केली?"

सासऱ्यांची छाती फुगली. "सूनबाईनं! काटेवाल्याची मुलगी आहे साहेब. डोळे मिटून सही करा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आता विचार करा. बोलले तर तिसरी खेप वाया, शपथ घातलेली, भंगारवाल्याचा टेप. शिवाय सासूबाई उघड्या पडणार, आणि तपासनीसासमोर आमच्या सगळ्या एअरलाइनचा काटा खोटा ठरणार, म्हणजे मावशीही बसली घरी! नाही बोलले तर... नवरा पुढे उजव्या सीटवर, सासरे डाव्या. आणि फरशीवर चमचा.

मी म्हटलं, "वीस नाहीत. चोवीस आहेत."

एवढंच. पण पाच महिन्यांत त्या हँगरात माझा आवाज असा कुणी ऐकलाच नव्हता. पत्र्यावरची कबुतरं उडाली! आणि नवरा काय म्हणाला माहितीय? जो रोज रात्री "तू बोलत का नाहीस, तू बोलत का नाहीस" म्हणून डोकं खातो, तो खिडकीतून मान काढून म्हणाला, "अगं, आत्ता नको ना बोलूस!"

पण आता सुरू झालं होतं. मी सगळं सांगितलं. सुई, स्टिकर, चार किलो. इंजिन बंद झालं. साहेबाचं पेन कागदावर टेकलं. सासरे हळूहळू सासूबाईंकडे वळले.

"म्हणजे तू... तोंडानं नाही? काट्यानं?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" सासूबाई ओरडल्या.

"बावीस वर्षं!"

"आणि एका शब्दानं बोलला नाहीत?"

"अगं, तू बोललीस का?"

मग कळलं ते असं. बावीस वर्षांपूर्वी सासऱ्यांनीच काउंटरवरून मोठ्यानं हाक दिली होती, "ब्याण्णव किलो बाई, मधल्या सीटवर या!" ती बाई तीन महिने विमानात चढली नाही, आणि तिच्याबरोबर तिच्या गल्लीतली एकही. तेव्हा सासूबाईंनी गुपचूप सुई मागे घेतली आणि वर स्टिकर लावला. "चार किलोनं विमानाचं काय जातंय? माणसाला मात्र दिवसभर पुरतं!" आणि इकडे सासऱ्यांना आठवड्याभरात कळलं, कारण मावशीला वर चढायला धावपट्टीच्या कडेचे दोन खांब जास्त लागायला लागले. "तू खोटं बोलशील, मावशी बोलेल का?" पण त्यांना वाटलं, बायको मऊ मनाची आहे, सुई खरी बघते आणि तोंडानं चार कमी सांगते. म्हणून माणसामागे चार वाढवायचे, की बरोबर. पण वाळू? "वाळूशी तू कशाला खोटं बोलशील, असं वाटलं गं मला!"

बघा, बघा! एवढा संसार, बावीस वर्षं रोज नऊ माणसं, आणि दोघांचं एकमेकांशी एवढं एकच बोलायचं राहिलेलं. आणि मला म्हणतात, तू बोलत नाहीस!

साहेबानं घसा खाकरला. "म्हणजे या मार्गावरची आजवरची सर्व उड्डाणं चुकीच्या वजनावर... नोंद घेतो."  तेवढ्यात सासरे आत गेले आणि वह्या घेऊन आले. एक नाही, बावीस. साहेबाच्या पुढ्यात पंखावर ठेवल्या. रोजचं पान, रोजचे आकडे, आणि प्रत्येक माणसापुढे पेन्सिलीनं चार. एकही दिवस सुटलेला नाही. ताप असताना, सासऱ्यांच्या आईच्या जाण्याच्या दुसऱ्या दिवशी, माझ्या नवऱ्याच्या जन्माच्या... नाही, तो आधीचा. साहेबानं पानं उलटली. दहा मिनिटं उलटली. मग चष्मा काढला, पुसला, घातला. म्हणाला, "इतका बरोबर असलेला चुकीचा काटा मी पाहिलेला नाही." आणि या वेळी नोंद घेतो म्हणाला नाही.

"पण आत्ता काय? काटा खरा असल्याशिवाय मी वर जात नाही. आणि चारला मला परत निघायचंय."

आता ऐका. लोक लेकीला लग्नात भांडी देतात. माझ्या वडिलांनी मला शिक्क्याच्या लोखंडी वजनांचा संच दिला होता. वीस किलोपासून पन्नास ग्रॅमपर्यंत, लाकडी पेटीत. किती हसले होते सगळे! मोठं वीस किलोचं तेव्हापासून हँगरचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून दाराला टेकवलेलं, आणि पाचशे ग्रॅमचं सासूबाईंच्या तिकिटांवर. मी ते वीस उचललं. काट्यामागचा स्क्रू पिळला, सुई शून्यावर आणली, वजन ठेवलं. वीस. दहा ठेवलं. तीस. साहेब वाकून बघत होता. सासरे म्हणाले, "काटेवाल्याची मुलगी आहे!" पण या वेळी आवाज जरा ओला होता.

मग साहेब स्वतः काट्यावर चढला, कागदावर त्यानं आपलं वजन अठ्ठ्याहत्तर लिहिलं होतं. मी सुई पाहिली आणि म्हटलं, "पंच्याऐंशी." मागून सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं. "असं तोंडावर सांगतात होय गं!" साहेबानं मुकाट्यानं आकडा खोडला.

पिशव्या उतरवल्या. उसवायच्या, चार किलो वाळू काढायची, परत शिवायच्या. मी आणि सासूबाई मांडी घालून जमिनीवर, सुईदोरा, घामाच्या धारा, आणि त्या मधूनच पुटपुटतायत, "बावीस वर्षं! एका शब्दानं नाही! आणि मी रात्री झोपेत दचकायची, विमान जड तर नाही ना झालं!" बारा पिशव्या झाल्या. शेवटच्या तीन नवऱ्यानं घाईघाईत ओढल्या आणि तिन्ही फाटल्या, टरटर! वाळू हँगरभर. साडेतीन वाजले.

साहेब म्हणाला, "सहा नंबरच्या सीटवर पन्नास-साठ किलोचं काहीही चालेल. फक्त वजन पक्कं माहीत असलेलं हवं. आहे का असं काही?"

सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. जॅक पाहिला, तेलाचं पिंप पाहिलं. मग एकेक करून सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी काट्यावर चढले. पन्नास. अगदी सुईच्या टोकावर.

"पण परीक्षेच्या उड्डाणात प्रवासी चालत नाही," साहेब म्हणाला. "भार चालतो." आणि त्यानं फॉर्मवर लिहिलं, मी डोळ्यांनी वाचलं: 'सीट सहा. भार. पन्नास किलो.' नाव नाही, गाव नाही, अमक्याची सून नाही. भार! नवरा पट्टा बांधायला आला आणि म्हणाला, "हलू नकोस हं. भार हलत नाही." मी काही बोलले नाही. भार बोलत पण नाही.

पण मग...

आता हे कसं सांगू तुम्हाला? मावशीत मी बसलेय. मावशी धावते, धावते, विचार करते, पुन्हा धावते, आणि मग कुणीतरी काखेत हात घालून उठवावं तशी उठते. आणि बाईसाहेब? ती किंचाळली. अकरा वर्षं गळ्यात दाबून धरलेला सूर एकदम सोडला. माझ्या पाठीवर कुणीतरी तळहात ठेवून सीटमध्ये दाबलं, पुढचं काउंटर, हँगर, भंगारवाल्याची गाडी... आलाच होता तो, सहज... सगळं एका ओळीत पुसलं गेलं आणि जमीन सुटली. सुटली म्हणजे मला कळलीच नाही. खिडकीतून खाली बघते तर सासूबाई! चिमूटभर. पदर डोळ्यांना. आणि त्यासुद्धा एका क्षणात राहिल्या नाहीत. तिन्ही बेटं, जिथे मावशीला अर्धा तास लागतो, पाण्यावर सांडलेल्या तीन टिकल्यांसारखी खालून निघून गेली. आणि वर आभाळ! अहो, आम्ही आभाळ म्हणून जे बघतो ते त्याचं धुऊन विटलेलं टोक आहे. वर ते गडद आहे, दौतीच्या तळासारखं. आणि ती किंचाळी सगळी मागे राहिलेली, आत नुसती एक घरघर, जशी मांजर मांडीवर झोपते. बारा पिशव्या शांत. साहेब शांत. मी पुढे बघितलं. पाच महिने ज्यांची मी फक्त वाकलेली पाठ पाहिली होती, कायम कशाच्या तरी खाली नाहीतर कशाच्या तरी आत, ते सासरे ताठ बसले होते. मागून त्यांचे कान दिसत होते. लालबुंद. आणि त्यांचे दोन्ही हात त्या चाकावर इतके हलके, इतके हलके, जसे झोपलेल्या बाळाच्या अंगावर ठेवावेत.

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मग भीती वाटली, वजन कमी तर होणार नाही ना?

साहेबानं वळून माझ्याकडे पाहिलं. आजूबाजूला कुणी ऐकत नाहीये असं बघून पुटपुटला, "काय सुंदर आहे हो." आणि लगेच पुढे वळला. भाराशी बोललेलं चालतं बहुतेक.

उतरलो. सही झाली. भंगारवाला चहा पिऊन गेला. सासूबाईंनी बाईसाहेबांच्या नाकावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "भवाने, अकरा वर्षं खाल्लीस माझी." पण हात काढला नाही.

गोष्ट संपली असं वाटलं ना? मलाही वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी काटा खरा! शाळेतल्या बाई काट्यावर चढल्या, उतरल्या, पुन्हा चढल्या. डॉक्टर म्हणाले, "काल रात्री जरा जास्त झालं." आठवड्याभरात तिन्ही बेटांवर एकच चर्चा, नवी सून काउंटरवर आल्यापासून सगळे चार-चार किलोनं वाढले, मुलीचा पायगुणच जड! शेवटी सासूबाईंनी तोडगा काढला. काट्याला हात लावायचा नाही, साहेबाला शब्द दिलाय. सुई खरी बघायची, तोंडानं चार कमी सांगायचं, चिठ्ठीवर खरं लिहायचं. आणि हे सांगायचं काम कुणाकडे? माझ्याकडे! म्हणे, "तू बोलायला शिकायला हवंस." काटा आता खरं बोलतो, आणि मी दिवसातून नऊ वेळा खोटं.

तेही चाललं असतं. पण बाईसाहेबांचा फॉर्म परवा पोस्टानं शिक्का मारून आला. त्यात खाली बारीक अक्षरात एक ओळ: दरवर्षीची परीक्षा मूळ उड्डाणातल्या भारानेच घेण्यात येईल. मूळ भार! सीट सहा, पन्नास किलो! म्हणजे आता ते विमान जिवंत आहे तोवर मला पन्नासच राहायचंय. सासूबाई ताटात वाढताना हात आखडतात, मग घाबरून पुन्हा वाढतात. नवरा म्हणतो, "जिने कमी चढ." आणि रोज सकाळी, मावशीचे प्रवासी यायच्या आधी, मला काट्यावर उभं करतात, सासरे वही घेऊन समोर.

आज सकाळी सुई पाहिली. एक्कावन्न.

पाच महिने या काउंटरवर फुकट नाही गेले माझे. मी शांतपणे म्हटलं, "पन्नास."

सासऱ्यांनी मान डोलावली, पेन्सिल कानावरून काढली, आणि वहीत लिहिलं: चोपन्न.

मी काही बोलले नाही.